नवव्या उड्डाणाची काळी फिल्म

१

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला मिल्टन स्प्रॅग डार्करूमचं दार ढकलून बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातातल्या चिमट्याला ओली फिल्म लोंबत होती. ती त्याने खिडकीसमोर धरली. बाहेर वाळवंटातलं ऊन डोळ्यांत खुपत होतं, पण फिल्ममधून उजेडाचा एक कणही आत येत नव्हता.

"बघा मास्तरीणबाई," तो म्हणाला. "नुसता कोळसा!"

व्हर्ना डेलगार्डने पेन्सिल खाली ठेवली. पूर्वी ती नेब्रास्कात शाळेत गणित शिकवायची, म्हणून इथे सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणत. कुणी आदराने, कुणी चिडवायला.

"पूर्ण?"

"पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत. धुण्यात माझी चूक नाही हं, आधीच सांगून ठेवतो."

किंगबर्ड हे कंपनीचं नवं जेट लढाऊ विमान. आख्ख्या जगात एकच होतं आणि ते इथल्या कोरड्या तळ्यावरून उडायचं. त्याच्या पोटात एक बंद पेटी बसवलेली होती. पेटीत घड्याळ, उंचीचा काटा, वेगाचा काटा, आणि त्यांच्यासमोर सेकंदाला एक चित्र टिपणारा कॅमेरा. विमान उतरलं की फिल्म धुवायची आणि व्हर्नाने एकेक चित्र भिंगाखाली घालून काट्यांचे आकडे वहीत उतरवायचे. वैमानिक माणूस आहे, तो विसरतो, फुगवून सांगतो. काटे तसं करत नाहीत.

आणि आज पहाटेचं उड्डाण नववं होतं. चाळीस हजार फुटांवर जाऊन तिथून खाली सूर मारायचा, ध्वनीच्या वेगाचे शंभर भाग केले तर पंचाण्णवपर्यंत पोचायचं. किंगबर्ड एवढ्या वेगाने याआधी कधी गेलं नव्हतं.

दहा मिनिटांत हॉरेस व्हँडरमीर आला. कंपनीचा मुख्य अभियंता; विमानाचा आराखडा त्याचा, इथला कारभारही त्याचाच. उंच, वाकलेला, दोन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. त्याने फिल्मकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

"शुक्रवारी हवाई दलाची समिती येतेय," तो म्हणाला. "त्यांचा कॅप्टन व्हिटलॉक स्वतः सूर मारून बघणार आहे. आणि आज हे! कुणीतरी फिल्मची डबी चुकून उघडली असणार, उजेड लागला असणार."

"नाही साहेब," व्हर्ना म्हणाली.

"नाही म्हणजे?"

तिने फिल्मचं आतल्या वेढ्यांकडचं टोक बोटाने वर उचललं. "डबी चुकून उघडली तर गुंडाळीचे वरचे चार वेढे काळे होतात. आतल्या वेढ्यांना वरचे वेढे झाकतात, तिथे उजेड पोचत नाही. ही मधोमधही तेवढीच काळी आहे. शंभर फूट फिल्म कुणीतरी पूर्ण उलगडली, उजेडात धरली, आणि पुन्हा नीट गुंडाळून ठेवली."

मिल्टनने शीळ घालायला ओठ पुढे केले आणि तसेच ठेवले.

व्हँडरमीर खुर्चीत बसला. "मला सरकारी तपासनीस नकोत. ते आले तर सहा महिने टाळं लागेल. तुम्ही शोधा. गुरुवार संध्याकाळपर्यंत. आणि कुणाला कळू देऊ नका."

मिल्टन हसला. "साहेब, इथे कुणी शिंकलं तरी उपाहारगृहात कळतं."

२

व्हर्नाने सुरुवात मिल्टनपासूनच केली. त्याचं एका दुसऱ्या कंपनीशी नोकरीचं बोलणं चाललंय, हे तळावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"माझ्यावर संशय?" मिल्टनने सिगारेट पेटवली. "ठेवा. मीही तुमच्यावर ठेवतो. साहेबांवर ठेवतो. आता चार दिवस सगळे एकमेकांच्या कॉफीतही बघतील."

"डबी भरलीस कधी?"

"सोमवारी दुपारी. पाच वाजता हँगरमध्ये गसच्या हातात दिली. त्याने लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ल्या दोन. एक गसकडे, दुसरी साहेबांच्या जुडग्यात."

"आणि आज उतरल्यावर?"

"विमान थांबलं तेव्हा मी शिडीशी उभा होतो. गसने पेटी उघडली, डबी काढली, माझ्या हातात ठेवली. बारा माणसं बघत होती. तिथून सरळ डार्करूम. वाटेत लघवीलासुद्धा थांबलो नाही, विचारा कुणालाही."

तिने विचारलं. दोघा-तिघांना, सहज गप्पा मारल्यासारखं. मिल्टन खरं बोलत होता. डार्करूमचं दार त्याने आतून लावलं तेव्हापासून तासाभराने तो बाहेर येईपर्यंत व्हर्नाच त्या दाराबाहेर टेबलाशी बसलेली होती.

मग ती हँगरमध्ये गेली. गस कोव्हालिक विमानाच्या चाकाशी उकिडवा बसला होता. पिट्सबर्गचा माणूस, मान जाड, हात त्याहून जाड, किंगबर्डचा मुख्य मेकॅनिक. युद्धात तो इंग्लंडमध्ये एमेट लार्किनच्या विमानाची देखभाल करायचा आणि आता लार्किन किंगबर्ड उडवायचा, तेव्हा इथेही करत होता. लार्किनशिवाय इतर कुणी किंगबर्डच्या जवळ आलं की तो कपाळाला आठ्या घालायचा.

"कपाटाला हात लावला होता कुणी?" तिने विचारलं.

"कपाट माझं आहे."

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

"कुणी नाही." त्याने पान्यावरून फडकं फिरवलं. पाना आधीच स्वच्छ होता. "बाई, फिल्म गेली तर गेली. एमेट म्हणतोय ना की सूर नीट झाला? त्याचा शब्द पुरत नाही का तुम्हाला?"

"मला कुणाचाच शब्द पुरत नाही, गस. माझा धंदाच तो आहे."

तो हसला नाही.

बाहेर वारा सुटला होता. रोज दहानंतर तो सुटायचा, म्हणून उड्डाणं पहाटे व्हायची. तळ्याच्या भेगाळलेल्या पृष्ठभागावरून बारीक वाळू सरपटत हँगरच्या दारातून आत येत होती. व्हर्ना दाराच्या आडोशाला उभी राहून मनात सगळं पुन्हा जुळवू लागली. विमान हवेत असताना पेटीशी कुणी पोचू शकत नाही. उतरल्यानंतर बारा जणांच्या डोळ्यांदेखत शंभर फूट फिल्म उलगडता येत नाही. आणि डार्करूममध्ये मिल्टनने हे केलं असतं तर त्याने फिल्म आणून तिलाच दाखवली असती कशाला? डबी हातातून पडली, उघडली, असं सांगून मोकळा झाला असता.

मग उरलं काय? उरली सोमवार संध्याकाळ ते मंगळवार पहाट.

फिल्म उड्डाणाच्या आधीच काळी केलेली होती. विमान वर गेलं तेव्हा त्याच्या पोटातला कॅमेरा आंधळा होता. म्हणजे नवव्या उड्डाणात काहीतरी लपवण्यासारखं घडणार आहे, हे कुणाला तरी विमान जमिनीवर असतानाच ठाऊक होतं.



३

बुधवारी दुपारी उपाहारगृहात एमेट लार्किन नेहमीच्या कोपऱ्यात बसला होता. पुढ्यात घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव, दोन्ही न चिवडलेले. अडतीस वर्षांचा, कानशिलं पांढरी होऊ लागलेली. जर्मनीवरच्या लढाईत त्याने अकरा विमानं पाडली होती, आणि ते त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"बसा मास्तरीणबाई. चौकशी ना? करा."

"सूर कसा झाला?"

"चाळीस हजारांवरून सुरुवात. पंचाण्णवपर्यंत गेलो. अठरा हजारांवर वर घेतलं. काही त्रास नाही, सगळं ठीक."

त्याने हे एका दमात, पाठ केल्यासारखं सांगितलं. व्हर्नाला खटकलं ते तेच. एरवी उड्डाणानंतर हा माणूस तिच्या टेबलाशी येऊन तासतास बडबडायचा. पंख कसा झुकला, इंजिन कुठे कुरकुरलं, सूर्य कुठून डोळ्यांत आला. आज तीनच वाक्यं.

"सोबतच्या विमानाने पाहिलं?"

"ते पंख्याचं डबडं! पंधरा हजारांवर त्याला धाप लागते. ते खालीच घिरट्या घालत होतं."

"म्हणजे वर काय झालं ते फक्त तुम्हालाच माहीत."

"आणि देवाला," लार्किन म्हणाला आणि पाव कुस्करू लागला.

तेवढ्यात एक तरणाबांड अधिकारी ताट घेऊन आला आणि समोर बसला. कॅप्टन डीन व्हिटलॉक, शुक्रवारी सूर मारणारा. तो दोन दिवस आधीच येऊन विमानाची माहिती घेत होता.

"मिस डेलगार्ड तुम्हीच ना? सगळे म्हणतात खरे आकडे तुमच्याकडे असतात. मला एकच सांगा. हे पाखरू कुठल्या वेगाला हट्ट करायला लागतं? प्रत्येक विमानाची एक जागा असते. ती कळली की मी तिथे हळू जातो."

व्हर्नाने लार्किनकडे पाहिलं. लार्किनची नजर पावाच्या चुऱ्यावर होती.

"नवव्या उड्डाणाचे आकडे माझ्याकडे नाहीत, कॅप्टन."

"हो, ऐकलं ते. पण मिस्टर लार्किन पंचाण्णवपर्यंत जाऊन आलेत आणि काही झालं नाही, म्हणजे मी सरळ सत्त्याण्णवपर्यंत जाईन." तो लार्किनकडे वळला. "बरोबर ना सर? तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून जाईन."

लार्किन उठला. "डोळे उघडेच ठेव," एवढंच बोलला आणि निघून गेला.

व्हर्ना टेबलाशी परतली, तेव्हा तिच्या डाकेच्या टोपलीत इंधनाच्या गाडीवाल्याच्या चिठ्ठ्या येऊन पडल्या होत्या. आकडा म्हटलं की तो व्हर्नाकडे धाडायचा, अशी तळावरची पद्धतच. प्रत्येक उड्डाणानंतर टाक्या काठोकाठ भरायला किती इंधन लागलं, ते त्या चिठ्ठ्यांत असे.

तिने मंगळवारची चिठ्ठी उचलली, वाचली. मग वहीचं जुनं पान काढलं आणि पुन्हा वाचली.

४

आठव्या उड्डाणात लार्किन पस्तीस हजार फुटांपर्यंत चढला होता. परतल्यावर टाक्यांत तीनशे पंच्याण्णव गॅलन घालावे लागले. नवव्यात म्हणे तो चाळीस हजारांवर गेला, तरी लागले तीनशे आठ. उड्डाणं दोन्ही सारख्याच वेळाची.

जास्त चढायचं आणि कमी प्यायचं, असं कुठलंच इंजिन करत नाही. व्हर्नाने पहिल्यापासूनच्या सगळ्या उड्डाणांचे आकडे मांडून आलेख काढला आणि नवव्याची उंची त्यावर शोधली. फार तर चोवीस हजार. लार्किन वर गेला, चोवीस हजारांवर आरामात फिरत राहिला, रेडिओवर खोट्या उंच्या सांगितल्या आणि खाली आला. सूर त्याने मारलाच नव्हता.

पण डबी वैमानिकाच्या हाती कधीच येत नाही. मग त्याच्यासाठी ती उघडली कुणी?

गुरुवारी सकाळी तिने ती काळी फिल्म पुन्हा भिंगाखाली घातली. चित्रं नव्हती, पण फिल्मवर दुसरं काहीतरी होतं. लांबच लांब, केसासारखे बारीक ओरखडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाळूवरून ओढल्यासारखे. मिल्टनच्या डार्करूममध्ये चप्पल घालून जायलाही बंदी. तिथे वाळूचा कण सापडला तर तो आठवडाभर कुरकुरतो. हँगरची फरशी मात्र रोज वाळूने भरते.

हँगर, म्हणजे कपाट. कपाट, म्हणजे किल्ली. किल्ल्या दोन. पण सोमवारी दुपारी चारला व्हँडरमीर लॉस एंजेलिसला निघाला आणि मंगळवारी विमान उडताना परतला. जुडगं त्याच्या खिशात होतं. व्हर्नाला हे पक्कं माहीत होतं, कारण समितीसाठीचे आलेख मांडीवर घेऊन ती स्वतः त्याच्या गाडीत बसली होती, जाताना आणि येतानाही.

दुपारी ती हँगरमध्ये गेली. गस एकटाच होता.

"पहाटे केलंत ना गस? फिल्म फरशीवर पसरली, दिवा लावला, आणि मग गुंडाळलीत. छान गुंडाळलीत. मिल्टनलाही शंका आली नाही."

 गस अवजारांच्या पेटीवर बसला, आणि पेटी करकरली.

"कोणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"एमेटने मला काही सांगितलं नव्हतं करायला. हे आधी लिहून घ्या." तो फरशीकडे बघत बोलू लागला. "पहाटे चारला तो इथे आला. म्हणाला, गस, मला जमत नाही. मी सूर मारणार नाही, पण मारला म्हणून सांगेन, मग मला विमानातून काढा नाहीतर काहीही करा. मी म्हटलं, अरे, फिल्म सगळं सांगेल. तो म्हणाला, सांगू दे. आणि कपडे चढवायला गेला." गसने गुडघ्यांवर हात ठेवले. "बाई, हा माणूस जळत्या विमानातून मला ओढून बाहेर काढणारा. त्याची अब्रू एका फिल्मच्या गुंडाळीवर जाऊ देऊ मी?"

"आणि उद्या व्हिटलॉक? तो एमेटच्या शब्दावर सूर मारणार आहे."

"मारू दे. विमानाला काही झालेलं नाही. विमान ठणठणीत आहे. झालंय ते एमेटला. त्याची हिंमत गेलीय, बाई. बऱ्याच जणांची जाते, युद्धानंतर. आठव्या उड्डाणात म्हणे एक्क्याण्णवला पोचला आणि त्याचे हात थरथरायला लागले. विमान वळवायची काठी हातात धरवेना. मांड्याही थरथरल्या, डोळ्यांपुढचे काटे दिसेनात. तीन सेकंद. मग त्याने वेग कमी केला आणि थांबलं."

व्हर्ना निघायला वळली होती. ती जागच्या जागी थबकली.

"किती म्हणालात? किती सेकंद?"

५

जवळजवळ धावतच ती ऑफिसात आली. कपाटातून तिने आठव्या उड्डाणाची फिल्म काढली, कारण तिला ते तीन सेकंद आठवत होते.

दोन आठवड्यांपूर्वी तिने ते पाहिले होते. एक्क्याण्णवच्या वेगाला लागोपाठ तीन चित्रांत काटे पुसट आलेले होते. तिने तशी नोंद केली. व्हँडरमीरने ती वाचली, तिच्यावर काट मारली आणि म्हणाला, "कॅमेऱ्याची बैठक सैल झालीय. असल्या गोष्टी समितीपुढे नेऊ नका, उगाच नसती शंका." आणि तिने, जिला कुणाचाच शब्द पुरत नाही असं ती मिरवायची, तिने फिल्म कपाटात ठेवून दिली होती.

आता तिने भिंग लावलं आणि या वेळी काट्यांकडे न बघता त्यांच्या मागे बघितलं. घड्याळाच्या तबकडीवर छापलेले आकडे स्वच्छ होते. वेगाच्या तबकडीवरच्या रेघा, तबकड्या बसवलेले स्क्रू, सगळं रेखीव. कॅमेरा हलला असता तर हे सगळं पुसट आलं असतं. पुसट होते ते फक्त काटे, जे टोकाला मोकळे असतात आणि पेटीला हादरे बसले की कापतात.

कॅमेरा ठीक होता. आख्खं विमान थरथरत होतं.

लार्किन संध्याकाळी तळ्याच्या काठाला, आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसलेला सापडला. गसने त्याला सगळं सांगितलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"न्यायला आलात?"

"दाखवायला आले. चला."

तो काही न विचारता आला. तिने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, भिंग त्याच्या डोळ्याशी जुळवलं.

"हे तुमचं आठवं उड्डाण. हे एकोणनव्वद. काटे बघा."

"स्पष्ट आहेत."

"हे एक्क्याण्णव."

त्याने बघितलं. तिने चित्र पुढे सरकवलं, तो बघत राहिला. तिसरं सरकवलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"मागचे आकडे वाचता येतात?"

"येतात."

"आणि काटे?"

"नाही. ते..." तो थांबला. "या पेटीला हात नसतात, बाई."

"नसतात. आणि ती युद्धातही गेली नव्हती."

लार्किनने भिंगावरून डोळा काढला नाही. त्याचे खांदे हळूहळू खाली आले, आणि व्हर्ना खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा मिळावा म्हणून.

"दोन आठवडे," तो शेवटी म्हणाला. "दोन आठवडे मी पहाटे उठून आरशापुढे हात धरून बघतोय. थरथरतात का बघायला. वाटलं संपलो. मी तोंड उघडून विचारलं असतं, 'फिल्ममध्ये काय आहे?' एवढंच..."

"आणि मी तोंड उघडून तुम्हाला विचारलं असतं, 'तुम्हाला काय जाणवलं?' तर?"

तो उठला, टोपी घातली. "व्हिटलॉक सत्त्याण्णवला जाणार आहे."

"म्हणूनच आता साहेबांकडे जायचंय."

व्हँडरमीरने दोघांचं ऐकून घेतलं. इंधनाची चिठ्ठी बघितली. तीन चित्रं मात्र बघितली नाहीत. "एका खोटारड्या वैमानिकाचा शब्द," तो हळू आवाजात म्हणाला, "आणि तीन पुसट चित्रं. एवढ्यावर मी दोन वर्षांचं काम बुडवू? उद्या सकाळी सहाला विमान उडेल."

६

शुक्रवारी सूर्य वर यायच्या आतच समितीचे पाच जण हँगरसमोर उभे होते. व्हिटलॉक उड्डाणाच्या पोशाखात शिडीजवळ आला, तर शिडीच्या पहिल्या पायरीवर लार्किन बसलेला.

"बाजूला व्हा सर, उशीर होतोय."

"मंगळवारी मी सूर मारला नाही," लार्किन म्हणाला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चोवीस हजारांच्या वर गेलोच नाही. तुझ्याशी खोटं बोललो. या साहेबांशीही खोटं बोललो."

 समितीतल्या जनरलने व्हँडरमीरकडे पाहिलं, आणि व्हँडरमीरचा चेहरा राखेसारखा झाला.

"का?" व्हिटलॉकने विचारलं.

"एक्क्याण्णवला विमान थरथरतं. मला वाटलं मी थरथरतोय. या बाईंना विचार."

व्हर्ना पुढे झाली. तिने शांतपणे, वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तसं सगळं मांडलं. फिल्म मधोमध काळी का होती, ती उड्डाणाआधी काळी कशी झाली, इंधन कमी का लागलं. गसचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ती अडखळली.

"ते मी केलं," मागून गस म्हणाला. "पुढे बोला बाई."

ती पुढे बोलली. तीन चित्रं, काटे, आकडे, स्क्रू. आणि आपण ते पाहून दोन आठवडे गप्प बसलो, हेही.

"तर्क आहेत हे," व्हँडरमीर म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"मग बघून टाकू," गस म्हणाला. "आख्खं विमान हादरतं ते बहुधा शेपटीपासून. तिच्या बुडाशी पत्रा रिव्हेट ठोकून बंद केलाय. पंचवीस उड्डाणांनी उघडायचा म्हणून मी उघडला नाही. तासाभराचं काम आहे."

जनरल घड्याळाकडे बघू लागला. तेव्हा व्हिटलॉकने हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं आणि त्यावर चक्क बसला. "मी थांबतो. उघडा."

गसने ड्रिल लावलं. एकेक रिव्हेट कापून पडत गेला. पत्रा निघाला तसा त्याने बॅटरी आत धरली, डोकं आत घातलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलं नाही.

"गस?" लार्किन म्हणाला.

गस बाजूला झाला. "साहेब, तुम्ही बघा. आराखडा तुमचा आहे."

व्हँडरमीर शिडी चढला. शेपटीचा आडवा पंख धडाला जोडणारा धातूचा जाड कान होता, त्यातून बोल्ट आरपार गेलेला. बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत बोटभर लांब भेग पडली होती. कडेचा जेमतेम नखाएवढा धातू अजून धरून होता.

तो शिडीवरच उभा राहिला. "सत्त्याण्णवला..."  व्हिटलॉकही चढून डोकावून आला, आणि खाली आल्यावर त्याने सिगारेट मागितली. पेटवायला दोन काड्या लागल्या.

"माझेही थरथरतायत," तो लार्किनला म्हणाला.

"ते थांबेल."

"तुम्ही खोटं बोललात ते मी विसरणार नाही सर."

"विसरू नकोस," लार्किन म्हणाला.

समिती दुपारी परत गेली. नवी शेपूट बसवायला पाच महिने लागतील, तोवर किंगबर्ड जमिनीवर राहील, असं ठरलं. लार्किनचा चाचणी-वैमानिकाचा परवाना काढून घेतला. त्याने हूं की चूं केलं नाही. त्याच आठवड्यात ट्रकमध्ये सामान भरून तो उत्तरेकडे निघाला. ओरेगॉनमध्ये जंगलातल्या वणव्यांवर पाणी टाकणाऱ्या विमानांना वैमानिक हवे होते. गसला पगार कापून ठेवून घेतलं, कारण त्या शेपटीची नस त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. मिल्टनला दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं, आणि का कोण जाणे, तो गेला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी व्हर्नाने अहवाल लिहायला घेतला. मेकॅनिकने फिल्म नासवली. वैमानिकाने खोटी उंची सांगितली. एवढं लिहून झाल्यावर तिने पुढे लिहिलं: आठव्या उड्डाणातली थरथर फिल्मवर आलेली होती. ती मी पाहिली, तिचं जे कारण सांगितलं गेलं ते तपासलं नाही, आणि गप्प राहिले. ती नोंद मुख्य अभियंत्यांनी वगळली.

कागद घेऊन ती व्हँडरमीरच्या खोलीत गेली. तो अंधारायला आलं तरी दिवा न लावता बसला होता. त्याने कागद खिडकीशी नेऊन वाचला. एकदा, मग पुन्हा एकदा. व्हर्ना दारातच उभी होती. कुठला शब्द तो खोडायला सांगतो याची वाट बघत, आणि खोडायचा नाही असं मनाशी ठरवून.

त्याने खिशातून पेन काढलं. "शेवटचं वाक्य आधी घ्या," तो म्हणाला. "सगळ्यात वर." आणि खाली सही केली.